मी वळले नव्हते

तुमच्यापैकी जे सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला राहतात, त्यांच्यातल्या कुणाला मी शाळेत सोडलेही असेल, मित्रांनो. मी एक जुनी रिक्षा आहे. अंग काळे, टप पिवळा, आवाज थोडा घोगरा. माझ्याबद्दल एका सरकारी कागदावर एक खोटी ओळ लिहिली गेली होती. ती ओळ कशी पडली आणि कशी निघाली, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आधी सांगाडा, मग इंजिन, मग तीन चाके, असे एकेक अंग मला मिळत गेले. ट्रकमध्ये उभी राहून मी सोलापूरला आले. दुकानात खाजाभाईंनी मला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला नाही की इंजिन सुरू केले नाही. ते आधी मागच्या बाकावर बसले, थोडे हलून पाहिले, आणि विक्रेत्याला म्हणाले की बसणाऱ्याला कसे वाटते ते बघतो आहे. नऊ वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या रिक्षा भाड्याने चालवल्या होत्या. मी त्यांची स्वतःची पहिली रिक्षा.

शास्त्रीनगरच्या एका बोळात त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. घरात त्यांची बायको कमरबी आणि मुलगी सना. कमरबी साड्यांना फॉल लावून देतात. सना तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आता कॉलेजात आहे. घरात ही मंडळी दखनी बोलतात. मी तुम्हाला त्यांचे बोलणे मराठीत सांगते.

सकाळी शाळेची मुले, दुपारी एस.टी. स्टँडवरची उतारू मंडळी, संध्याकाळी पुन्हा मुले, असा आमचा दिवस जाई. खाजाभाई मला दर शुक्रवारी सकाळी धूत. मुलांना उतरवताना ते आधी मागून येणारी वाहने बघत, मगच उतरा म्हणत. एखादे मूल शाळेच्या फाटकातून आत गेलेले दिसेपर्यंत ते गिअर टाकत नसत. मुलांच्या आया एकमेकींना त्यांचे नाव सांगत. अकरा वर्षांत माझ्यामुळे कुणाला खरचटलेही नव्हते. मला त्याचा अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही होता.

एका फेब्रुवारीत, दुपारी, स्टँडवर एक म्हातारी बाई माझ्यात बसली. वळसंगची होती. तिची सून होटगी रोडच्या एका दवाखान्यात बाळंत झाली होती, आणि मांडीवरच्या डब्यात तिच्यासाठी डिंकाचे लाडू होते. भाडे ठरवताना ती स्वतःचेच नाव घेऊन म्हणाली होती, "सोजरबाईला जास्त सांगू नगं, मी म्हयन्यातनं धा येळा येते." खाजाभाई हसले आणि पाच रुपये कमी केले.

सात रस्त्याच्या पुढच्या एका चौकात दिवा तांबडा झाला. खाजाभाई थांबले. मी अगदी पांढऱ्या पट्ट्यामागे उभी होते. तेवढ्यात मागून एक मोटार आली. ती थांबलीच नाही.

माझ्या पाठीत मधोमध दणका बसला. मी पुढे फेकली गेले, दुभाजकावर आदळले, गर्रकन फिरले आणि उजव्या कुशीवर पडले. खाजाभाईंचा उजवा पाय माझ्या आणि दुभाजकाच्या मध्ये सापडला. सोजरबाईंच्या खांद्याला मार लागला. लोक धावले. चारपाच जणांनी मिळून मला थोडे उचलून पाय मोकळा केला, पण तोवर खाजाभाईंची शुद्ध हरपली होती. त्यांना सिव्हिलला नेले. सोजरबाईंना कुणीतरी दुसऱ्या रिक्षात बसवून दिले. मोटार तिचे मालकच चालवत होते, करमाळ्याचे मानसिंग नावाचे एक व्यापारी. ते घाबरून रस्त्याच्या कडेला उभे होते.

पोलीस आले तेव्हा त्यांना काय दिसले? रस्त्यात आडवी पडलेली मी, आणि माझे तोंड उजवीकडे. मानसिंग म्हणाले की रिक्षा अचानक उजवीकडे वळली. त्यांच्याशिवाय सांगणारे तिथे कुणी उरलेच नव्हते. तीच ओळ कागदावर गेली. मित्रांनो, मी तिथेच होते. मला सगळे ठाऊक होते. पण रिक्षाला कोण विचारणार?

पुढचे बारा दिवस मी पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात पडले. आरटीओचे एक निरीक्षक आले, माझ्याभोवती फिरले, मोजपट्टी लावली, चार ओळी लिहिल्या आणि गेले. मग शेजारच्या हारूनने मला दोरीने बांधून ओढत घरी आणले. हारूनही रिक्षावालेच, खाजाभाईंचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी माझे चाक आणि दांडी दुरुस्त करून घेतली. पाठीचा पोचा मात्र, ज्यांच्याबद्दल पुढे सांगते त्या वकिलांच्या सांगण्यावरून, तसाच ठेवला.

खाजाभाई दीड महिन्याने घरी आले. मांडीत सळई, गुडघ्यात पट्टी. गुडघा वाकत नव्हता. घराची पायरी उंच होती, म्हणून दुपारभर ते माझ्या मागच्या बाकावर पाय आडवा टाकून बसत. त्या दुकानातल्या दिवसानंतर ते मागे कधी बसले नव्हते. हँडलकडे बघत ते तासन्‌तास घालवत. दुपारनंतर हारून मला धंद्यावर नेत आणि भाड्याचा वाटा इमानाने कमरबींच्या हातात देत.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला त्या दणक्यापेक्षा जास्त लागली. मुलांच्या आयांनी त्यांना दुसऱ्या रिक्षात घातले. तसे करणे भागच होते, कारण खाजाभाई आजारी होते. पण एक बाई बोळात येऊन कमरबींना म्हणाल्या की भाऊंनी असे एकदम वळायला नको होते, बरे झाले त्या वेळी आत मुले नव्हती. टपाच्या आत बसलेल्या खाजाभाईंनी ते ऐकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नुकसानभरपाईचा दावा रेवणप्पा वकिलांनी लावला होता. वकीलसाहेब अक्कलकोटचे, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारे, पण सरळ माणूस. दावा लागून सव्वा वर्ष झाले असेल, तेव्हा एका रविवारी ते स्कूटरवरून बोळात आले आणि माझ्या पुढच्या सीटवर, मागे तोंड करून बसले. मोटारीच्या विमा कंपनीने तडजोडीचा मसुदा पाठवला होता. महिनाभराने लोकअदालत होती. तिथे सह्या झाल्या की थोड्याच दिवसांत पैसे मिळणार होते.

त्यांनी मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होते: रिक्षाचालकाने अचानक वळण घेतल्यामुळे अपघातास दोन्ही चालक सारखेच जबाबदार आहेत. म्हणून ठरणाऱ्या भरपाईच्या निम्मी रक्कम.

वकीलसाहेबांनी काही लपवले नाही. ते म्हणाले की लोकअदालतीत एकदा सही केली की विषय कायमचा संपतो, वर अपील नाही, पुढे गुडघा आणखी बिघडला तरी परत मागता येत नाही. सही केली नाही तर दावा चालेल. कदाचित जास्त मिळेल, व्याजही मिळेल. पण तीनचार वर्षे जातील, आणि कंपनी हायकोर्टात गेली तर त्याहून जास्त. आणि कोर्टानेही चूक अर्धी धरली, तर एवढी वाट बघून हाती निम्मेच येईल.

कमरबी दारात उभ्या होत्या. त्यांचे मत सही करावी असे होते. डॉक्टरांनी सांगितले होते की सांधा झिजला आहे, बदलावा लागेल, आणि जितका उशीर तितका पाय आखडत जाईल. सरकारी योजनेत नाव बसवायचे त्यांनी दोनदा पाहिले होते, दोनदा कागद परत आले होते. निम्मे तर निम्मे, पण आत्ता हातात येऊ दे, असे त्यांचे म्हणणे होते.

खाजाभाईंनी मसुद्यातल्या त्या वाक्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, "मी थांबलो होतो. मी वळलो म्हणून सही कशी करू?"

"पाय तुमचा आहे," कमरबी म्हणाल्या. "त्या ओळीने पाय बरा होणार का?"

"ही सही केली, तर उद्या कुणाचं मूल माझ्या रिक्षात बसणार?"

दोघांचेही खरे होते. म्हणूनच मला दोघांचीही कीव आली. वकीलसाहेब कागद घडी करून उठणार, इतक्यात कमरबींनी त्यांना एक साधा प्रश्न विचारला. ती ओळच काढून टाकली, तर रकमेचे काय होते?

वकीलसाहेब थांबले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. ओळ काढली तर निम्मे करायला कारणच उरत नाही, असे ते म्हणाले. पण कंपनी ती फुकट काढणार नाही. आरटीओच्या अहवालात दणका मागून, मधोमध बसल्याचे लिहिले आहे, ते आपल्या बाजूने आहे. मात्र डोळ्यांनी पाहिलेले एक तरी माणूस हवे. आत बसलेली ती बाई कोण होती?

खाजाभाईंना एवढेच आठवत होते की नाव सोजरबाई, गाव वळसंग, आणि सून बाळंत झालेली. अपघातानंतर तिचे काय झाले, हे त्यांना माहीत नव्हते. अनेकदा त्यांनी ते मला विचारल्यासारखे मोठ्याने म्हटले होते.

सना दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने वळसंगला गेली. परत आल्यावर तिने सगळे सांगितले. फाट्यावरच्या चहावाल्याला नाव सांगताच त्याने घर दाखवले. सोजरबाई ज्वारी पाखडत होत्या. सनाने अपघात म्हणताच त्यांनी सूप खाली ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, तो रिक्षावाला जगला का? दीड वर्ष त्या तेच मनात धरून होत्या. दवाखान्यात कुणी त्यांना काही सांगितले नव्हते, आणि कुठे विचारायचे हे त्यांना कळले नव्हते.

त्या गुरुवारी सोजरबाई स्वतः बोळात आल्या. खाजाभाईंचा पाय बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग माझ्या मागे गेल्या आणि माझ्या पाठीच्या पोच्यावरून हात फिरवला. इतक्या दिवसांत कुणी तिथे असा हात फिरवला नव्हता.

"माज्या पाटीमागंच धडाक्यानं आदळली की," त्या म्हणाल्या. "दिवा तांबडा हुता. रिक्षा हुबी हुती. मी लाडवाचा डबा नीट करत हुते. हलती रिक्षा आन् हुबी रिक्षा मला कळत न्हाय व्हय?"

कोर्टात यावे लागेल, एक दिवस मोडेल, असे खाजाभाईंनी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या की दिवस मोडला तर मोडला, दीड वर्ष झोप मोडली होती त्याचे काय.

लोकअदालतीच्या शनिवारी हारूनने मला सकाळी जिल्हा न्यायालयाच्या आवारात नेले. मागे खाजाभाई, त्यांच्या शेजारी कमरबी, आणि पुढच्या रिक्षात सना आणि सोजरबाई. आवारात नुसती गर्दी. आमच्या दाव्याचे टेबल पहिल्या मजल्यावर होते आणि लिफ्ट बंद होती. हारून आणि वकीलसाहेबांनी खाजाभाईंना धरून दोन पायऱ्या चढवल्या. तिसऱ्या पायरीवर त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना परत माझ्यात आणून बसवले.

वकीलसाहेब वर गेले. मला वाटले, आता तारीख पडेल आणि आम्ही परत जाऊ. पण थोड्या वेळाने जिन्यावरून न्यायाधीश मॅडम स्वतः उतरताना दिसल्या. त्यांच्या मागे फाइल घेतलेला कारकून, कंपनीचे तरुण अधिकारी आणि आमचे वकीलसाहेब. मॅडम माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी सोजरबाईंना दिली.

त्यांनी खाजाभाईंना विचारले की तुम्हाला काय हवे आहे.

खाजाभाईंनी हात जोडले. "मॅडम, रक्कम थोडी कमीजास्त झाली तर चालेल. पण मी वळलो नव्हतो. वळलो म्हणून लिहिलं, तर मी सही करणार नाही."

मॅडमनी अहवाल मागितला, वाचला, आणि माझ्या मागच्या बाजूला आल्या. अधिकारीही आले. रिक्षा वळत असती तर मार बाजूला बसला असता, मधोमध कसा बसला, असे मॅडमनी त्यांना शांतपणे विचारले. अधिकाऱ्यांनी अहवाल मागून घेऊन पुन्हा वाचला. मग सोजरबाईंनी त्यांना आपल्या भाषेत सगळे सांगितले, लाडवाच्या डब्यासकट. अधिकारी मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते फोन घेऊन झाडाखाली गेले. बराच वेळ ते तिकडेच बोलत होते.

ते परत आले आणि म्हणाले की कंपनी ते वाक्य काढायला तयार आहे. भरपाई पूर्ण हिशेबाने मिळेल, आणि सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यात वेगळा धरला जाईल. त्याहून वर मात्र जाता येणार नाही.

वकीलसाहेबांनी खाजाभाईंना हळू आवाजात सांगितले की दावा लढवला तर याहून जास्त मिळण्याची शक्यता आता वाढली आहे, साक्षीदार पक्का आहे. थांबायचे असेल तर मी लढेन. ठरवायचे तुम्ही. मॅडमही म्हणाल्या की घाई नाही, नवराबायकोने बोलून घ्या. सगळे जण दहा पावले दूर गेले. त्या दोघांचे बोलणे फक्त मी ऐकले.

खाजाभाई म्हणाले, "मला जे हवं होतं ते मिळालं. आता तू सांग."

सीटच्या शिवणीतून निघालेला एक दोरा कमरबी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज सकाळी तुम्ही भिंत धरून उठता. मी चूल पेटवायचं निमित्त करून तिकडे बघत नाही. आणखी चार वर्षं मला तसं न बघता राहायचं नाही."

खाजाभाईंनी कमरबींचा हात हातात घेतला. त्यांनी वकीलसाहेबांना हाक मारली आणि सुधारलेला कागद मागितला. सनाने तो आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, प्रत्येक ओळ. मग खाजाभाईंनी माझ्या सीटवर कागद ठेवून सही केली.

आम्ही निघणार, तेव्हा मानसिंग माझ्यापाशी आले. मोटारीचे मालक म्हणून तेही कागदावर सही करून जिन्याजवळ उभे होते. त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिले, खाली पाहिले, आणि म्हणाले, "चूक माझी होती. भीती वाटली, म्हणून तसं बोललो."

खाजाभाई म्हणाले, "त्याच दिवशी बोलला असता, तर बरं झालं असतं." त्यांनी ते रागाने म्हटले नाही. मानसिंग मान हलवून निघून गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या वेळी आला नाही.

पैसे आले, आणि दिवाळीच्या आधी खाजाभाईंचा गुडघा बदलला. पहिले दोन महिने व्यायामाच्या वेळी ते ओरडत, आणि सना घड्याळ लावून त्यांना अजून पाच वेळा करायला लावी. माघात एका सकाळी ते घराच्या पायरीवरून एकटे उतरले, काठी न घेता. ते पुढच्या सीटवर बसले आणि उजव्या पायाने ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. इंजिन बंद होते, तरी ते पंधरा मिनिटे तेवढेच करत होते. आता डॉक्टरांनी अर्धा दिवस चालवायची परवानगी दिली आहे. बाकीचा अर्धा दिवस मी हारूनची.

लोकअदालतीनंतरच्या पहिल्याच सोमवारी हारूनने माझा पोचा ठोकून काढला आणि वर काळा रंग दिला. बोळात येऊन बोलून गेलेल्या त्या बाईंना सनाने तडजोडीचा कागद वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. जूनपासून त्यांची दोन्ही मुले माझ्यात बसतात.

मित्रांनो, माझे वय होत आले आहे. दोन वर्षांनी माझी मुदत संपेल आणि मला भंगारात जावे लागेल. त्याआधी तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रिक्षात बसलात तर तिचा टप फाडू नका, सीटवर पेन घासू नका, आणि उतरताना चालवणाऱ्या काकांना त्यांचा पाय कसा आहे, घर कसे आहे, एवढे तरी विचारा. आणि रस्त्यावर काही वाईट घडलेले तुमच्या डोळ्यांनी दिसले, तर मोठ्या माणसाला घेऊन पुढे व्हा, आपले नाव द्या, जे पाहिले ते तेवढेच सांगा. आमच्यासारख्या वस्तू सगळे पाहतात, पण आम्हाला साक्ष देता येत नाही. ते काम तुमचे आहे.

आता मला थांबले पाहिजे. स्टँडवर आताच अक्कलकोटची गाडी लागली आहे. मागे दोन बायका येऊन बसल्या आहेत, आणि खाजाभाई मान बाहेर काढून हाका मारताहेत, "या, या. अजून एकाला जागा आहे."